यंत्रमागाच्या जुन्या मोटारीतून पवनचक्कीचे जनित्र: वाइंडिंग नव्याने कसे भरावे

जून ते सप्टेंबर या काळात सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी किंवा वनकुसवड्याच्या पठारावर वारा अखंड वाहत असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत ढगांमुळे छपरावरच्या सौर पॅनेलमधून वीज जेमतेमच मिळते. पठारावर, घाटमाथ्यावर किंवा उघड्या टेकाडावर ज्यांची वस्ती अथवा शेतघर आहे, त्यांनी सौर पॅनेलच्या जोडीला दोन मीटर व्यासाची लहान पवनचक्की उभी केली, तर त्याच २४ व्होल्टच्या बॅटऱ्या पावसाळ्यातही भरत राहतात. अशा चक्कीचे जनित्र जुन्या तीन फेज मोटारीपासून करता येते. त्याची कृती येथे देत आहे.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. मोटारीचे वाइंडिंग (तांब्याच्या तारेची गुंडाळी) बदलून आस फिरवला की वीज सुरू होते, असे बऱ्याच जणांना वाटते. साध्या इंडक्शन मोटारीच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, स्वतःचे चुंबकत्व नसते. त्यात असतात त्या ॲल्युमिनियमच्या सळ्या, आणि त्यांत प्रवाह खेळतो तो स्टेटरला (बाहेरच्या स्थिर भागाला) बाहेरून वीज दिल्यावर. कपॅसिटर लावून अशी मोटार जनित्रासारखी चालवता येते, पण त्यासाठी ती तिच्या मूळ वेगाहून अधिक वेगाने, म्हणजे मिनिटाला हजार किंवा पंधराशे फेऱ्यांच्या वर फिरावी लागते. पात्यांना थेट जोडलेला आस एवढ्या वेगाने फिरत नाही. म्हणून रोटरवर कायमचे चुंबक बसवणे आणि स्टेटरचे वाइंडिंग कमी वेगासाठी नव्याने भरणे ही दोन्ही कामे करावी लागतात. त्यांतले चुंबकांचे काम आधी करायचे आणि वाइंडिंगचे नंतर, कारण कॉइलमध्ये किती वेढे घ्यायचे हे चुंबक बसल्यावर मोजूनच ठरते.

मोटारीची निवड

मोटार निवडताना अश्वशक्तीच्या आधी पाटीवरचा वेग वाचावा. १४४० फेऱ्यांची मोटार चार पोलची (पोल म्हणजे चुंबकीय ध्रुव), ९६० च्या आसपासची सहा पोलची आणि ७२० च्या आसपासची आठ पोलची असते. जितके पोल अधिक, तितकी कमी वेगात जास्त वारंवारता मिळते आणि तेवढ्याच व्होल्टेजला कमी वेढे पुरतात. पाणी उपसण्याच्या पंपांच्या मोटारी बहुधा २८८० किंवा १४४० फेऱ्यांच्या असल्याने त्या या कामाला फारशा सोयीच्या नाहीत. याउलट यंत्रमागाच्या मोटारी सहा किंवा आठ पोलच्या मिळतात. इचलकरंजीसारख्या गावात साधे माग काढून शटललेस (धोट्याविना चालणारे) माग बसवले जात असल्याने एक अश्वशक्तीची, ९६० फेऱ्यांची मोटार भंगाराच्या दुकानात सहज दिसते. वाइंडिंग जळालेले असले तरी चालते. मात्र स्टेटरच्या पत्र्यांवर रोटर घासल्याच्या खुणा नसाव्यात, आस वाकलेला नसावा आणि बेअरिंगची बैठक झिजलेली नसावी. बेअरिंग नवीनच घालायची आहेत.

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट खरे, पण ते ९६० फेऱ्यांना. तांब्याला आणि लोखंडाला जो मरोड (आस पिळणारा जोर) पेलतो तो साधारण तेवढाच राहतो, म्हणून तीच मोटार ३०० फेऱ्यांना सुमारे २३० वॅटच पेलते. दोन मीटर व्यासाच्या चक्कीला हे पुरेसे आहे. त्या पात्यांनी झाकलेले क्षेत्र ३.१४ चौरस मीटर असते. सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात तेवढ्या क्षेत्रातून सुमारे २३५ वॅट वाहत असतात आणि घरगुती चक्कीला त्यांचा चौथा हिस्सा, म्हणजे साठेक वॅट, मिळाला तर काम चांगले झाले असे समजावे. ८ मीटरच्या वाऱ्यात हाच हिशेब २४० वॅटपर्यंत जातो, कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. हजार मीटर उंचीच्या पठारावर हवा विरळ असल्याने यातून दहाएक टक्के वजा करावेत.

तीन पात्यांच्या चांगल्या चक्कीच्या पात्याचे टोक वाऱ्याच्या सुमारे सहापट वेगाने धावते. दोन मीटर व्यासाला ३ मीटरच्या वाऱ्यात मिनिटाला सुमारे १७२ फेऱ्या आणि ५ मीटरच्या वाऱ्यात २८६ फेऱ्या होतात. म्हणून १७५ फेऱ्यांना बॅटरी भरायला सुरुवात व्हावी, असे आपण ठरवू. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा आहे. पात्यांचा व्यास किंवा बॅटरीचे व्होल्टेज वेगळे असेल, तर हा आकडा आपापल्या चक्कीप्रमाणे काढावा. दुसऱ्याच्या वेढ्यांचा आकडा उचलू नये.

मोटार उघडणे आणि नोंद

झाकणे काढण्यापूर्वी झाकण व बॉडीवर छन्नीने खुणा कराव्यात, म्हणजे जोडताना तीच बाजू तिथेच बसते. वाइंडिंग काढण्याआधी वहीत चित्र काढावे: स्टेटरच्या आतल्या बाजूला एकूण खाचा किती, कॉइल कोणत्या खाचेतून कोणत्या खाचेत गेली आहे, तारांची टोके कोणत्या बाजूला आहेत, तार किती गेजची आहे. आपल्या उदाहरणात ३६ खाचा व सहा पोल आहेत आणि प्रत्येक कॉइलमध्ये २२ गेजच्या तारेचे ८० वेढे आहेत, असे धरू.

जुने वाइंडिंग काढण्यासाठी स्टेटर जाळात टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती टाळावी, असे मी कळकळीने सांगेन. पत्र्यांमधला पातळ विद्युतरोधक थर जळाला की पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात, लोखंडातच प्रवाह फिरू लागतात आणि वाऱ्याने दिलेली शक्ती उष्णतेत जाते. एका बाजूची कॉइलची डोकी छन्नीने स्टेटरच्या पातळीत छाटावीत, दुसऱ्या बाजूने हीटगनने वार्निश थोडे मऊ करावे आणि पकडीने एकेक जुडगा ओढून काढावा. यात एक दुपार जाते. काढलेल्या एका कॉइलचे वेढे मोजावेत, तांब्याचे वजन करावे आणि खाचा ब्रशने साफ कराव्यात.

रोटरवर चुंबक

स्टेटरचा आतला व्यास १०० मिलिमीटर आणि पत्र्यांची लांबी ९० मिलिमीटर आहे, असे धरू. २० बाय १० बाय ५ मिलिमीटरचे निओडिमियम चुंबक घ्यावेत. रुंदी १० मिलिमीटरच असावी, कारण गोल पृष्ठावर सपाट चुंबक बसवताना तो जितका रुंद, तितके त्याचे कोपरे बाहेर येतात. रोटर लेथवर कातून बारीक करून त्यावर ९ ते १० मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची स्लीव्ह घट्ट बसवून घ्यावी. ॲल्युमिनियमच्या सळ्या मध्ये राहिल्या तर चुंबकांच्या पाठीमागे लोखंडाचा सलग मार्ग उरत नाही. स्लीव्हचा बाहेरचा व्यास शेवटी, त्याच आसाच्या केंद्रांवर धरून, ८७.५ मिलिमीटर करावा. यामुळे चुंबकाच्या कोपऱ्यापासून स्टेटरपर्यंत बरोबर एक मिलिमीटर जागा राहते. त्यात गोंदाचा थर आणि वरून गुंडाळायची फीत बसली की मोकळी फट सुमारे ०.६ ते ०.७ मिलिमीटर उरते.

प्रत्येक पोलसाठी तीन चुंबक शेजारी शेजारी आणि आसाच्या दिशेने चार ओळी, असे बारा चुंबक लागतात. सहा पोलना ७२. एका पोलचे सर्व चुंबक उत्तर बाहेर, शेजारच्या पोलचे सर्व दक्षिण बाहेर, असे आलटून पालटून बसतात. पोलच्या रुंदीचा उरलेला सुमारे तिसरा हिस्सा मोकळा सोडावा. चुंबक जास्त जाड घेतल्याने वीज त्या प्रमाणात वाढत नाही. स्टेटरच्या दातांमधून ठरावीक मर्यादेपुढे चुंबकत्व जात नाही आणि पैसे मात्र वाया जातात.

चारही ओळी सरळ रेषेत लावू नयेत. माझ्या पहिल्या रोटरवर मी त्या पट्टीने आखून अगदी सरळ लावल्या होत्या. दिसायला तो रोटर सुंदर होता, पण आस हाताने फिरवताना प्रत्येक दहा अंशांवर जोरदार खटका लागे. मंद वाऱ्यात शेजारच्या शेतातला ऊस सळसळत असे आणि माझी पाती जागची हलत नसत. चुंबकाची कड सबंध दाताच्या समोर एकाच वेळी येते, म्हणून हा खटका बसतो. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चुंबक एका खाचेइतके तिरके सरकवत नेणे. ३६ खाचा असतील तर एक खाच म्हणजे १० अंश. चार ओळी असतील तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा अडीच अंश, म्हणजे या व्यासावर जवळपास दोन मिलिमीटर पुढे. कागदाच्या पट्टीवर ही जागा आधी आखून ती स्लीव्हवर चिकटवावी, चुंबकांच्या जागा टोकदार सुईने पोलादावर उतरवून घ्याव्यात आणि मग कागद काढावा.

स्लीव्ह खरखरीत करून, ॲसिटोनने पुसून, दोन भागांच्या इपॉक्सीने चुंबक चिकटवावेत. एका वेळी एकच चुंबक हातात असावा. दोन चुंबक बोटांच्या मध्ये येऊन आदळले तर कातडे फाटते आणि चुंबकाचे टवके डोळ्यात उडू शकतात, म्हणून चष्मा लावूनच काम करावे. या कामाच्या टेबलावर लेथचा कीस किंवा घासलेल्या लोखंडाचा चुरा असू नये. इपॉक्सी पूर्ण वाळल्यावर काचतंतूची फीत इपॉक्सीत भिजवून ताणून गुंडाळावी. चुंबकांना बाहेर खेचणारा मुख्य जोर फिरण्याचा नसून स्टेटरच्या लोखंडाचा असतो, त्यामुळे ही फीत वगळता येत नाही.

वेढे किती

आता रिकाम्या स्टेटरमध्ये कोणत्याही तारेची दहा वेढ्यांची एक तपासणी-कॉइल पहिल्या आणि सातव्या खाचेत घालावी, रोटर आत बसवावा आणि तो लेथवर किंवा पट्ट्याने दुसऱ्या मोटारीला जोडून सुमारे ९०० फेऱ्यांना फिरवावा. चक्कीच्या खऱ्या वेगाला मापन करू नये; त्या वेगाला वारंवारता इतकी कमी असते की साधा मल्टिमीटर एसी व्होल्टेज चुकीचे दाखवू शकतो. मल्टिमीटरला वारंवारता मोजण्याची सोय असेल तर वेगळे टॅकोमीटर लागत नाही: सहा पोलच्या यंत्रात हर्ट्झला वीसने गुणले की मिनिटाच्या फेऱ्या मिळतात. ४५ हर्ट्झ म्हणजे ९०० फेऱ्या.

समजा ९०० फेऱ्यांना त्या दहा वेढ्यांत ४.५ व्होल्ट मिळाले. १७५ फेऱ्यांना ते ०.८७५ व्होल्ट होतील, म्हणजे एका वेढ्याला ०.०८७५ व्होल्ट. २४ व्होल्टच्या बॅटरीत प्रवाह जायला सुरुवात होण्यासाठी डायोडमधली घट धरून सुमारे २६ व्होल्टचे शिखर (एसी व्होल्टेजचे सर्वांत वरचे मूल्य) लागते. दोन फेजमधले हे शिखर १.४१४ ने भागले की १८.४ व्होल्ट आणि स्टार जोडणीसाठी (तिन्ही फेजचे एकेक टोक एकत्र बांधण्याची जोडणी) ते १.७३ ने भागले की प्रत्येक फेजला १०.६ व्होल्ट येतात. फेजच्या कॉइल शेजारच्या दोन खाचांत विभागलेल्या असल्याने त्यांची बेरीज पूर्ण होत नाही, त्यासाठी ०.९६६ ने भागावे, म्हणजे ११ व्होल्ट. ११ ला ०.०८७५ ने भागले की फेजला सुमारे १२६ वेढे येतात, आणि फेजच्या सहा कॉइलमध्ये ते वाटले की प्रत्येक कॉइलला २१ वेढे.

मूळ कॉइलमध्ये ८० वेढे होते. म्हणजे वेढे सुमारे एक चतुर्थांश झाले आणि खाचेत प्रत्येक वेढ्याला चौपट छेदाच्या तांब्याला जागा झाली. एकच जाड तार खाचेच्या तोंडातून आत जात नाही आणि डोक्याशी वळतही नाही, म्हणून मूळ २२ गेजच्याच चार तारा एकत्र धरून वेढे घ्यावेत. खाचेत मावेल तेवढे तांबे भरावे. तांबे कमी पडले तर रोध वाढतो, आणि कमी व्होल्टेजच्या यंत्रात रोधामुळे होणारे नुकसान ठळकपणे जाणवते: वरच्या उदाहरणात प्रत्येक फेजचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास येतो, आणि ९ अँपिअर प्रवाहाला दोन फेज मिळून ९ व्होल्ट कॉइलमध्येच खर्ची पडतात.

जुने वाइंडिंग शाबूत असेल, तर ते काढण्यापूर्वी रोटर त्यातच फिरवून व्होल्टेज मोजावे. हवे त्याच्या तिप्पट निघाले, तर प्रत्येक फेजचे दोन-दोन कॉइलचे तिन्ही गट समांतर जोडूनच काम होते आणि नवे वाइंडिंग भरावेच लागत नाही.

वाइंडिंग भरणे

हिशेब झाल्यावर रोटर बाहेर काढून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दूर ठेवावा. प्रत्येक खाचेत इन्सुलेशन पेपर असा घालावा की तो दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर बाहेर राहील. बाहेर राहिलेली कड दुमडून घेतली की तार पत्र्याच्या धारेवर घासत नाही. कॉइल गुंडाळण्यासाठी लाकडाचा फर्मा (साचा) करावा. तारेचा एक वेढा खाचांमधून सैलसर फिरवून त्यावरून फर्म्याचे माप घेतले, तर डोकी फार उंच होत नाहीत.

३६ खाचा व सहा पोलची एकथरी जोडणी, म्हणजे प्रत्येक खाचेत कॉइलची एकच बाजू, अशी आहे. पहिल्या फेजचा पहिला गट दोन कॉइलचा: बाहेरची कॉइल खाच १ ते ८ आणि आतली २ ते ७. दुसरा गट १३ ते २० आणि १४ ते १९, तिसरा २५ ते ३२ आणि २६ ते ३१. दुसरी फेज चार खाचा पुढे, म्हणजे ५ ते १२ आणि ६ ते ११ पासून सुरू होते. तिसरी ९ ते १६ आणि १० ते १५ पासून. सर्व कॉइल एकाच दिशेने भराव्यात. एका फेजमध्ये पहिल्या गटाचा शेवट दुसऱ्या गटाच्या सुरुवातीला आणि दुसऱ्याचा शेवट तिसऱ्याच्या सुरुवातीला जोडावा. तिन्ही फेजचे शेवट एकत्र करून स्टार बांधावा आणि तीन सुरुवाती बाहेर काढाव्यात.

तारा खाचेत बसवताना धातूचे हत्यार वापरू नये; बांबूची गुळगुळीत केलेली पट्टी उत्तम. खाच भरली की पेपर दुमडून वरून बांबूची किंवा फायबरची पाचर सारावी. जोडाच्या जागी तारेवरचे एनॅमल चारही तारांवरून पूर्ण खरवडावे. एक तार जरी खरवडायची राहिली तरी ती फेज पाऊण तांब्यावर चालते आणि मीटरला ते चटकन कळत नाही. जोड सोल्डरचा डाग देऊन विद्युतरोधक स्लीव्हमध्ये घ्यावेत, फेजच्या डोक्यांमध्ये पेपर सारावा आणि दोऱ्याने बांधणी करावी.

यानंतर ५०० व्होल्टच्या मेगरने (विद्युतरोधन तपासण्याच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध पाहावा. एक मेगओहम ही किमान मर्यादा मानतात, पण कोरड्या नव्या वाइंडिंगला त्याच्या कितीतरी पट यायला हवा. मगच वार्निश द्यावे आणि भट्टीत सुकवावे. हे सर्व रोटर बाहेर असतानाच करायचे आहे, कारण साध्या दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले चुंबकत्व कायमचे गमावू लागतात.

जोडणी आणि परीक्षा

चुंबक बसवलेला रोटर मोकळ्या हाताने स्टेटरमध्ये घालू नये; तो एका बाजूला खेचला जाऊन आदळतो आणि चुंबक फुटतात. जुनी एक्स-रे फिल्म स्टेटरच्या आत चहूबाजूंनी बसेल अशी कापून घालावी, लेथच्या टेलस्टॉकने किंवा लांब आटे पाडलेल्या सळईने रोटर हळूहळू आत सोडावा, दोन्ही झाकणे बसवावीत आणि झाकणाच्या शेवटच्या फटीतून फिल्म ओढून काढावी. झाकणे मूळ खुणांवर आवळली की आस हाताने फिरवून पाहावा. कुठेही घासल्याचा आवाज येऊ नये आणि खटका बोटांना जेमतेम जाणवावा.

तीन टोकांपैकी दोन-दोन घेऊन व्होल्टेज मोजावे. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. दोन आकडे सारखे आणि तिसऱ्याच्या सुमारे ५८ टक्केच येत असतील, तर एक फेज उलटी जोडली गेली आहे. कमी आकडा देणाऱ्या दोन्ही जोड्यांमध्ये जी फेज सामाईक आहे, तीच उलटी. शेवटी तिन्ही टोके एकत्र पिळून आस फिरवावा. काकवीच्या हंड्यात पळी फिरवावी तसा तो जड लागला पाहिजे. हाच या यंत्राचा ब्रेक आहे, आणि तीन टोकांचा हा शॉर्ट करणारा स्विच खांबाच्या तळाशी कायमचा बसवायचा आहे.

तिन्ही तारा तीन फेजच्या ब्रिज रेक्टिफायरला (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडच्या संचाला), तो किमान ३५ अँपिअरचा आणि ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवलेला, आणि तेथून बॅटरीजवळच्या फ्यूजमधून बॅटरीला न्याव्यात. सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर येथे वापरू नये. बॅटरी भरली की तो प्रवाह तोडतो; पॅनेलला त्याने काही होत नाही, पण चक्कीवरचा भार एकाएकी गेला की पाती सैरावैरा वेग घेतात आणि ६०० फेऱ्यांना उघड्या टोकांवर ९० व्होल्टपर्यंत शिखर येते, जे माणसालाही धोक्याचे आहे. म्हणून असा कंट्रोलर घ्यावा जो बॅटरी भरल्यावर, म्हणजे २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड संचाला सुमारे २८.८ व्होल्टला, जास्तीची वीज गरम होणाऱ्या रोधाकडे वळवतो. हा रोध चक्कीची सर्व शक्ती एकट्याने पेलणारा असावा. जोरदार वाऱ्यात पाती बाजूला वळवणारी शेपटी तरीही लागतेच, कारण ब्रेकचा स्विच वादळात लावण्यासाठी नाही, तर वारा थोडा ओसरल्यावर चक्की थांबवण्यासाठी आहे.

खांब उभा करण्याच्या दिवशी पाती बसवण्यापूर्वीच तिन्ही टोके शॉर्ट करून ठेवावीत. खांबाच्या ताणतारा आवळून झाल्यावर, बॅटरी, फ्यूज आणि वळवणीचा रोध जोडल्याची खात्री करूनच ब्रेकचा स्विच उघडावा.